आघात होऊन गेल्यावर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूर पट्ट्यात जमीन हादरली, तेव्हा गणपती पोचवून दमलेली गावं गाढ झोपेत होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी घरं काही सेकंदांत आतल्या माणसांवर बसली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. पुढचं मदतकार्य, नव्या जागी वसवलेली ५२ गावं, भूकंपरोधक घरं हे सगळं आपल्या लक्षात आहे. पक्कं घर मिळूनही कित्येक जण बराच काळ स्लॅबखाली झोपायला तयार नव्हते, हे मात्र फारसं कोणी आठवत नाही. अभिनेते म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या डॉ. मोहन आगाशे यांनी मानसोपचारतज्ज्ञ या नात्यानं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रकल्पात या भूकंपाच्या मानसिक परिणामांचा अभ्यास केला. वेगळ्या एका छोट्या पाहणीत तपासलेल्या गावकऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना निदान करता येईल असा मानसिक विकार आढळला होता.

भीषण काही घडून गेल्यावर काही माणसं काळाबरोबर सावरतात आणि काही त्या क्षणाशीच अडकून राहतात. असं का होतं, हा प्रश्न वैद्यकशास्त्र दीडशे वर्षं विचारतं आहे. या काळात उत्तरं अनेकदा बदलली, काही तर सोयीनुसार बदलली. मला त्यातून दिसतं ते असं, की घटना किती भयंकर होती याला महत्त्व आहेच, पण घटनेनंतर त्या माणसाशी घर, गाव, पोलीस, कोर्ट आणि सरकार कसं वागलं याला त्याहून कमी महत्त्व नाही.

सुरुवात रेल्वेपासून करावी लागते. ९ जून १८६५ ला इंग्लंडमध्ये स्टेपलहर्स्ट इथं पुलावरचे रूळ दुरुस्तीसाठी काढलेले असताना गाडी आली आणि डबे खाली कोसळले. दहा प्रवासी मेले. चार्ल्स डिकन्स त्याच गाडीत होता. त्याचा डबा पुलावर लटकत राहिला. तो बाहेर पडला, आपल्या उंच हॅटमध्ये पाणी भरून जखमींना पाजत फिरला, ब्रँडी दिली, आणि शेवटी लटकत्या डब्यात पुन्हा चढून कादंबरीच्या हस्तलिखिताचा राहिलेला भाग घेऊन आला. त्या दिवशी तो अगदी शांत होता. हात थरथरायला लागले ते नंतर, आणि पत्रंही दुसऱ्याकडून लिहून घ्यावी लागली. पुढची काही वर्षं रेल्वेत बसला की कारण नसताना भीतीची लाट यायची, घाम फुटायचा. अपघाताला बरोबर पाच वर्षं झाली त्या तारखेला, ९ जून १८७० ला, तो वारला. हा योगायोगच, पण मधल्या पाच वर्षांची लक्षणं आजच्या कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाला ओळखीची वाटतील.

अशा रुग्णांना तेव्हा ‘रेल्वे स्पाइन’ झाला असं म्हणत. जॉन एरिक एरिक्सन या शल्यविशारदानं १८६६ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं की धक्क्यामुळे मज्जारज्जूला न दिसणारी इजा होते. हर्बर्ट पेज यानं १८८३ मध्ये ते खोडून काढलं. त्याच्या मते दोष मणक्याचा नव्हता, भीतीचा होता. गंमत अशी, की पेजचं म्हणणं विज्ञान म्हणून सत्याच्या जास्त जवळ होतं, आणि तो रेल्वे कंपनीच्या चाकरीत होता. मणक्याला इजा झाली असेल तर भरपाई द्यावी लागणार होती. नुसती भीती असेल तर ढोंगाचा संशय घ्यायला वाव होता. ‘हे खरं आहे की नाटक?’ हा प्रश्न या विषयाला जन्मापासून चिकटला तो असा, पैशाच्या वादातून.

पॅरिसमध्ये शार्को आणि पिएर जाने या डॉक्टरांनी हिस्टेरियाच्या रुग्ण स्त्रियांमध्ये जुन्या आघातांच्या खुणा शोधल्या. व्हिएन्नात फ्रॉइडनं १८९६ मध्ये जाहीर सांगितलं की या आजाराच्या मुळाशी बालपणी झालेला लैंगिक अत्याचार असतो. पुढच्याच वर्षी त्यानं ते मत मागे घेतलं. का घेतलं, यावर अजून भांडणं चालू आहेत.

मग पहिलं महायुद्ध आलं. चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरनं फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला, आणि लवकरच त्याला त्याचा पस्तावा झाला, कारण तोफगोळा जवळपासही न पडलेले सैनिक तीच लक्षणं घेऊन येत होते. एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डॉ. रिव्हर्स अधिकाऱ्यांना बोलतं करत. लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात डॉ. लुईस यीलँड वाचा गेलेल्या साध्या शिपायांच्या घशाला विजेचे झटके देई. आणि पळ काढणं, भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश लष्करानं ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांना माफी मिळाली २००६ मध्ये. कूतच्या वेढ्यात महिनोन्‌महिने अडकून १९१६ मध्ये तुर्कांच्या कैदेत गेलेल्या ‘पूना डिव्हिजन’मध्ये मराठा पलटणी होत्या. त्या शिपायांच्या मनाचं काय झालं, हे विचारायची तेव्हा पद्धतच नव्हती.

युद्ध संपलं की विषय विसरायचा आणि पुढच्या युद्धात नव्यानं शोधायचा, असं दोनदा झालं. हे चक्र तुटलं ते व्हिएतनामनंतर. परतलेले अमेरिकन सैनिक स्वतःच गटागटानं जमून बोलू लागले आणि त्यांनी डॉक्टरांना बोलावून घेतलं. त्याच सुमारास, १९७४ मध्ये, ॲन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी बोस्टनच्या रुग्णालयात आलेल्या बलात्कारपीडित स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. युद्धावरून आलेला पुरुष आणि अत्याचार सोसलेली स्त्री यांची लक्षणं जवळजवळ एकच होती: तीच स्वप्नं, तेच दचकणं, तोच बधिरपणा. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे पीटीएसडी, हे निदान आलं. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं की या विषयाला मान्यता मिळते ती पीडितांच्या मागे एखादी चळवळ उभी असते तेव्हा. चळवळ ओसरली की समाज पुन्हा विसरतो. हा इतिहास वाचल्यावर त्यांच्याशी वाद घालायला मला तरी जागा दिसत नाही.

आता प्रत्यक्ष काय घडतं ते पाहू. मुंबईच्या लोकलचा मोटरमन घ्या. उपनगरी रेल्वेमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात, त्यांतली बरीचशी रूळ ओलांडताना. वेगातली बारा डब्यांची गाडी आणीबाणीचा ब्रेक लावूनही लगेच थांबत नाही. समोरच्या माणसाचा चेहरा दिसतो, हॉर्न वाजत असतो, ब्रेक लावून झालेला असतो आणि पुढचे काही सेकंद करण्यासारखं काहीच हातात नसतं. अशा वेळी मेंदूतला अमिग्डाला हा भाग सगळा ताबा घेतो. ॲड्रेनलिन उसळतं. हॉर्नचा आवाज, उन्हाची तिरीप, तो चेहरा असे तुकडे खोल कोरले जातात. पण ही घटना अमुक दिवशी, अमुक ठिकाणी घडली आणि संपली, अशी नोंद करणाऱ्या हिप्पोकॅम्पसचं काम मात्र विस्कळीत होतं. म्हणून ती आठवण भूतकाळातली वाटत नाही. महिन्याभरानं त्याच दोन स्थानकांच्या मध्ये, तशाच उन्हात, छाती धडधडू लागते आणि ते आत्ता, पुन्हा घडतंय असं वाटतं. मग माणूस टाळायला लागतो: ती शिफ्ट, तो मार्ग, त्या विषयावरचं बोलणं. झोप उडते. कुकरच्या शिट्टीला दचकतो, मुलांवर खेकसतो. बायको म्हणते, हल्ली घरात असून नसल्यासारखे असतात.

पहिले काही आठवडे हे सगळं होणं स्वाभाविक आहे. त्याला आजार म्हणत नाहीत. महिना उलटूनही टिकलं आणि कामधंदा, नाती बिघडवू लागलं, तर पीटीएसडीचा विचार करतात. आपल्याकडे मात्र तो विचार फार क्वचित होतो. माणूस फॅमिली डॉक्टरकडे जातो तो छातीत धडधड, अंगदुखी, पित्त, डोकं जड झाल्याची तक्रार घेऊन. ईसीजी निघतो, तो ठीक असतो, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं मिळतात आणि ‘टेन्शन घेऊ नका’ असा सल्ला. ‘आधी काही घडलं होतं का?’ हे विचारायला बाहेरची गर्दी वेळ देत नाही.

मेंदूबद्दल बोलताना थोडं सावधही असावं. पीटीएसडी झालेल्यांचा हिप्पोकॅम्पस आकारानं लहान आढळतो, यावरून आघातानं मेंदू आक्रसतो असं सर्रास लिहिलं जातं. मार्क गिल्बर्टसन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एकसारखी जुळी भावंडं तपासली: एक युद्धावर गेलेला, दुसरा घरी राहिलेला. आजारी सैनिकाच्या घरी राहिलेल्या भावाचाही हिप्पोकॅम्पस लहानच निघाला. म्हणजे निदान काही जणांत तो आधीपासूनच तसा होता आणि त्यामुळे आघात झेलणं अवघड गेलं असावं. मेंदूची रंगीत चित्रं दाखवून केलेली ठाम विधानं मी तेव्हापासून जरा बिचकतच वाचतो.

या शास्त्रानं दिलेली सर्वांत उपयोगी माहिती मला वेगळीच वाटते. संकटात माणूस एक तर लढतो नाही तर पळतो, असं आपण शाळेपासून ऐकतो. तिसरी गोष्ट कमी सांगितली जाते: शरीर गोठतं. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या मदतीसाठी आलेल्या २९८ स्त्रियांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७० टक्के स्त्रियांनी असं गोठणं अनुभवलं होतं, आणि अशा स्त्रियांमध्ये पुढे पीटीएसडी व नैराश्याचं प्रमाण जास्त होतं. हे वाचताना महाराष्ट्रातल्या माणसाला देसाईगंज आठवायला हवं. तिथल्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं निमूट शरण जाणं आणि संमती यांत फरक करून शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, यावरून संमती होती असं मानलं गेलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या चौघांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या निकालाला उत्तर देणारं शास्त्र तेव्हा नुकतं कुठे आकार घेत होतं. आज ते उपलब्ध आहे, तरी ‘ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न पोलीस ठाण्यात आणि घरातही विचारला जातोच. आठवणी तुकड्यातुकड्यांनी साठलेल्या असतात, म्हणून जबाबात क्रम मागेपुढे होतो. त्यालाही खोटेपणाची खूण समजलं जातं. ‘टू-फिंगर टेस्ट’ सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये हक्कभंग ठरवली, आणि २०२२ मध्ये तेच पुन्हा बजावून सांगावं लागलं. आघातानंतरचा आघात असतो तो असा, आणि तो देणाऱ्यांच्या अंगावर बहुतेकदा गणवेश नाही तर पांढरा कोट असतो.

दिलासा देणारी बाजूही सांगायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगातली सुमारे ७० टक्के माणसं आयुष्यात एकदा तरी आघात करू शकणाऱ्या घटनेला सामोरी जातात, पण त्यांतल्या ५.६ टक्क्यांनाच पीटीएसडी होतो. लैंगिक अत्याचारानंतर तो धोका बराच जास्त असतो. पण बहुसंख्य लोक सावरतात, आणि सावरणारे दगडाच्या काळजाचे असतात असंही नाही. जॉर्ज बोनानो यांचं बरंचसं संशोधन यावरच आहे. म्हणून परीक्षेत कमी मार्क पडले, प्रेम फिसकटलं, बॉस ओरडला की ‘ट्रॉमा’ म्हणण्याची जी नवी चाल पडली आहे तिची मला थोडी काळजी वाटते. दुःख म्हणजे आजार नव्हे. प्रत्येक दुःखाला आजार म्हटलं की खऱ्या आजाऱ्याचं म्हणणंही त्याच गलक्यात हरवतं.

मग न सावरणारे कोण? ख्रिस ब्रुइन यांनी २००० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं. वय, शिक्षण, आधीचा मानसिक त्रास यांचा परिणाम दिसला, पण बेताचा. आघातानंतर आधार न मिळणं आणि आयुष्यात पुढे ताण येत राहणं, हे घटक त्यांहून वजनदार ठरले. घटनेच्या तीव्रतेपेक्षाही आधाराचा अभाव जड भरला.

लहान मुलांच्या बाबतीत तर आधार देणाराच अनेकदा घाव घालणारा असतो. सॅन डिएगोत लठ्ठपणाचा दवाखाना चालवणाऱ्या व्हिन्सेंट फेलिटी यांना वजन चांगलं उतरत असतानाच उपचार सोडून जाणारे रुग्ण बुचकळ्यात टाकत. विचारपूस केल्यावर त्यांतल्या अनेकांच्या बालपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं. त्यातून १७ हजारांहून अधिक लोकांची पाहणी उभी राहिली आणि १९९८ मध्ये तिचे पहिले निष्कर्ष आले: बालपणीची मारहाण, अत्याचार, घरातली दारू आणि हिंसा यांची संख्या जितकी जास्त तितकं मोठेपणी नैराश्य, व्यसन, आत्महत्येचे प्रयत्न, आणि हृदयविकारसुद्धा, जास्त. आपल्या केंद्र सरकारच्या २००७ च्या अहवालात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांपैकी ५३ टक्क्यांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं होतं, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे किंवा विश्वासातले होते. पोक्सो कायदा २०१२ मध्ये आला. घरातल्या घरात मिटवण्याची रीत मात्र कायद्यानं गेलेली नाही.

अशा वर्षानुवर्षांच्या छळातून स्वतःबद्दलची घृणा, कोणावरच विश्वास न बसणं, भावनांवर ताबा न राहणं अशी जादा लक्षणं येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत त्याला गुंतागुंतीचा पीटीएसडी म्हणून वेगळी जागा आहे. पण भारतातून पाहिलं की या निदानांची मर्यादाही दिसते. त्यांत एक घटना असते आणि तिच्या नंतरचा काळ असतो. ज्याचा अपमान रोजचाच आहे, त्याला ‘नंतर’ कुठला? दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये आलं, बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये. बेबीताईंनी ते नवऱ्यापासून लपवून वर्षानुवर्षं लिहिलं होतं. जातीची आणि घरातली अशा दोन्ही दहशतींखाली माणसाच्या मनाचं काय होतं, याचा मराठीतला पुरावा मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांपेक्षा या आत्मकथनांत जास्त सापडतो.

आघात पुढच्या पिढीत जनुकांवाटे उतरतो, असंही हल्ली ऐकू येतं. रेचल येहुदा यांचं ज्यू छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या मुलांवरचं काम त्यासाठी दाखवतात. नमुने लहान आहेत आणि आक्षेप बरेच आहेत. घरातली शांतता, न सांगितलेल्या गोष्टी, आईबापांची धास्ती यांतून वारसा पोचतो हे समजायला जनुकांपर्यंत जावं लागत नाही. फाळणीतून आलेल्या घरांत ते दिसतंच.

उपचारांच्या बाबतीत आधी काय चालत नाही ते पाहू. जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये सुचवलेली ‘डीब्रीफिंग’ पद्धत दोन दशकं जगभर वापरली गेली: घटना झाली की लगेच माणसांना बसवायचं आणि सगळं बोलून टाकायला लावायचं. तपासण्या झाल्या तेव्हा दिसलं की त्यानं पीटीएसडी टळत नाही. अपघातग्रस्तांच्या एका अभ्यासात काहींची तब्येत तीन वर्षांनीही उलट जास्त बिघडलेली होती. आपल्याकडे सांत्वनाला येणारा प्रत्येक जण ‘नेमकं कसं झालं?’ विचारतो आणि घरातल्यांना तेरा दिवस तीच हकिकत पंचवीस वेळा सांगावी लागते, हे आठवून पाहा. माणसं येतात हे फार मोलाचं; चौकशी करतात हे नव्हे. झोपेसाठी म्हणून सर्रास दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्याही इथे उपयोगाच्या नाहीत; जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्येच आघातानंतरच्या तणावासाठी त्या देऊ नका असं सांगितलं.

ज्याचा उपयोग होतो ते संथ आणि कष्टाचं आहे. एडना फोआ यांच्या पद्धतीत आठ ते पंधरा बैठका असतात. रुग्ण डोळे मिटून ती घटना वर्तमानकाळात, तपशीलवार, पुन्हा पुन्हा सांगतो आणि त्या सांगण्याचं ध्वनिमुद्रण घरी ऐकतो. टाळलेल्या जागी हळूहळू परत जातो. हे डीब्रीफिंगपेक्षा वेगळं कसं? वेळ वेगळी, माणूस तयार असतो, लगाम त्याच्या हातात असतो आणि सोबतीला शिकलेला माणूस असतो. फ्रॅन्सीन शापिरो यांच्या ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडे फिरवायला सांगतात. त्याचा गुण येतो हे सिद्ध आहे. डोळ्यांच्या हालचालीचा त्यात वाटा किती, यावर एकमत नाही. सर्ट्रॅलिनसारख्या औषधांची मदत होते, पण माफक.

हे सगळं करायला माणसं कुठून आणायची? राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) वेगवेगळ्या विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर आढळले. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या ‘संगाथ’ या संस्थेनं दाखवून दिलं की गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून नैराश्य आणि चिंताविकारावर चांगला उपचार होऊ शकतो. ते प्रयोग पीटीएसडीवरचे नव्हते, तरी वाट तीच दिसते. मुंबईत २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. ‘जिन्यावरून पडले’ म्हणून केसपेपर काढणाऱ्या बाईला तिथे मलमपट्टीबरोबरच कोणी तरी बसवून विचारतं, आणि तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवतं. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्रात या विषयावर झालेलं हे सर्वांत शहाणपणाचं काम आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात असं केंद्र चालवण्याचा खर्च एखाद्या उड्डाणपुलाच्या मानानं किरकोळ असेल.

ओळखीच्या कोणावर असा प्रसंग आला असेल तर पहिल्या दिवसांत जेवण, झोप, औषधपाणी, कागदपत्रं आणि सोबत एवढं पाहावं. बोलायचं असेल तर ऐकावं, नसेल तर विचारू नये. महिना होऊनही झोप, काम किंवा माणसांत मिसळणं रुळावर येत नसेल, किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा कधीही आली, तर थांबू नये. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत चालते. तिथे मराठीत बोलता येतं.